लसीच्या कुपीवरचा चौकोन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नव्या तंत्रज्ञानाने साऱ्या समाजाचं आरोग्य सुधारेल, असं सांगणारे लेख हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. त्यांत रोबोट असतो, कृत्रिम बुद्धिमत्ता असते. मला मात्र लसीच्या कुपीवरचा चौकोन आठवतो. रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, तेव्हा नजर जरा पान्या-पक्कडीची आहे, हे मान्य.

हा चौकोन एका वर्तुळात छापलेला असतो. सुरुवातीला फिकट, कुपीला जसजशी उष्णता लागते तसतसा तो गडद होत जातो. वर्तुळाइतका गडद झाला, की कुपी बाद. १९९६ मध्ये तो तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीवर आला. त्याआधी शीतसाखळी, म्हणजे लस वाटेत सतत थंड ठेवण्याची व्यवस्था, तुटल्याचा नुसता संशय आला तरी चांगले डोस फेकले जात, आणि खरोखर बिघडलेली लस बघून ओळखू येत नसे. ना बॅटरी, ना स्क्रीन. परिचारिका एका नजरेत ठरवते. (लस गोठून बिघडली असेल तर मात्र चौकोन गप्पच राहतो.)

उलट उदाहरण पल्स ऑक्सिमीटरचं. बोटाला लावायचं हे यंत्र त्वचेतून जाणाऱ्या प्रकाशावर चालतं. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की रक्तातला प्राणवायू खालावलेला असतानाही यंत्र आकडा ठीक दाखवतं, आणि हे कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट प्रमाणात घडतं. एका रुग्णापुरती ती आकड्याची चूक. सगळ्या लोकसंख्येच्या बोटांना तेच यंत्र लागलं, की ठरावीक वर्णाच्या माणसांना प्राणवायू उशिरा मिळू लागतो.

आणि देखभाल? एकदा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून प्राणवायू वेगळा काढून रुग्णाला देणारं यंत्र) ‘जळाला’ म्हणून मला बोलावणं आलं. उघडून पाहतो तर मागची जाळी धुळीने बुजलेली. ती वरचेवर धुवायची असते, हे तिथे कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. यंत्र आलं त्या दिवशीचा हारतुऱ्यांचा फोटो मात्र भिंतीवर होता.

यंत्रांना माझा विरोध नाही. पोट त्यांच्यावरच भरलं. पण नव्या उपकरणाची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी दोन गोष्टी जरूर विचाराव्यात, ही विनंती: ते कुणाकुणाच्या अंगावर तपासून पाहिलं आहे, आणि बिघडल्यावर उघडणार कोण?

आपला,
एक निवृत्त बायोमेडिकल तंत्रज्ञ