नऊ घटक, बारा फ्लास्क

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. बॅसिलस या जिवाणूकडून अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) जास्तीत जास्त मिळावं म्हणून त्याचं वाढीचं माध्यम ठरवताना आधी स्टार्चचं प्रमाण पक्कं करायचं, मग ते न हलवता पेप्टोन (नायट्रोजन पुरवणारी अर्धपचित प्रथिनं), मग कॅल्शियम, मग पीएच, असा तुझा बेत दिसतो. तो सोड. प्रत्येक टप्प्यावर आलेख छान येईल, त्यात एक उंचवटाही दिसेल, आणि म्हणूनच खरं शिखर बाजूला राहिलं हे तुला कधी कळणारच नाही.

समज, १ टक्का स्टार्च आणि ०.५ टक्का पेप्टोनवर मिलिलिटरमागे ४० युनिट अमायलेज मिळतंय. नुसतं स्टार्च दुप्पट केलंस तर ३७, नुसतं पेप्टोन दुप्पट केलंस तर ३८. तू दोन्हींवर काट मारशील. दोन्ही एकदम दुप्पट केल्यावर ७० मिळत असतील, तर तो फ्लास्क तू लावलेलाच नसतो. हा आकड्यांचा चमत्कार नव्हे. नायट्रोजन तोकडा असताना जास्तीची साखर मिळाली की बॅसिलस ती अर्धवट जाळून आम्लं बाहेर टाकतो आणि पीएच घसरतो. कार्बन तोकडा आणि पेप्टोन भरपूर असेल तर तो अमिनो आम्लंच इंधन म्हणून वापरतो, अमोनिया सुटतो आणि पीएच चढतो. दोघांचं प्रमाण जुळलं की दोन्ही ओढी एकमेकींना सावरतात. याला आपण इंटरॅक्शन म्हणतो, आणि एका वेळी एकच घटक हलवणाऱ्याला ती दिसत नाही.

तुझ्या यादीत नऊ घटक आहेत. प्रत्येकाच्या दोनच पातळ्या धरल्या तरी सगळी जुळणी करायला ५१२ फ्लास्क लागतील. प्लॅकेट आणि बर्मन यांनी १९४६ साली दिलेल्या आराखड्यात बारा रन, म्हणजे बारा फ्लास्क, पुरतात. बारा रनच्या तक्त्यात घटकांसाठी अकरा स्तंभ बसतात, म्हणजे तुझे नऊ घटक घालून दोन रिकामे उरतात. ते डमी म्हणून तसेच ठेव. ज्या स्तंभात काहीच घातलं नाही त्याचाही 'परिणाम' किती येतो हे पाहिलंस की प्रयोगातला गोंगाट किती ते कळतं. ज्याचा परिणाम त्या गोंगाटाएवढाच आहे अशा घटकावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. मात्र ही नुसती चाळणी आहे. यात घटकाच्या स्वतःच्या परिणामात जोड्यांच्या इंटरॅक्शन मिसळलेल्या असतात, म्हणून इथेच थांबून निष्कर्ष लिहू नकोस. फॉस्फेटचा परिणाम ऋण आला म्हणून फॉस्फेट काढूनही टाकू नकोस. या दोन पातळ्यांत खालची बरी, एवढाच त्याचा अर्थ.

पातळ्या कुठे ठेवायच्या हे मात्र सांख्यिकी सांगत नाही, ते जिवाणूलाच विचारावं लागतं. ग्लुकोज भरपूर असेल तर बॅसिलस अमायलेजची जनुकं दाबून ठेवतो. सीसीपीए हे प्रथिन ते काम करतं. दोन्ही पातळ्या त्या दाबाच्या पलीकडे ठेवल्यास तर ग्लुकोज 'निष्प्रभ' ठरेल आणि सॉफ्टवेअर तुला अडवणार नाही. आणखी एक, अमायलेजनं स्टार्चमधून मोकळी केलेली साखर रंगावरून मोजणाऱ्या डीएनएसए पद्धतीत माध्यमातली उरलेली साखरही रंग देते. ग्लुकोजची पातळी रनगणिक बदलणार, म्हणून प्रत्येक रनचा स्वतंत्र ब्लँक, म्हणजे वजा करायचा मूळ रंग, हवा. ग्लुकोज आणि पेप्टोन एकत्र ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक) करू नकोस, माध्यम तपकिरी होतं. कॅल्शियम आणि फॉस्फेटही वेगळे निर्जंतुक कर, नाहीतर साका तळाशी बसतो आणि कागदावरची पातळी कागदावरच राहते.

चाळणीतून तीनेक घटक उरले की बॉक्स आणि विल्सन यांची १९५१ची वाट धर: आधी चढाच्या दिशेनं काही पावलं, आणि वाढ थांबली की तिथे सेंट्रल कॉम्पोझिट डिझाइन, म्हणजे शिखराचा वक्र मांडण्यासाठी मध्याभोवती बिंदू पसरणारा आराखडा. तीन घटकांसाठी आठ कोपरे, सहा अक्षबिंदू (एकच घटक मध्यापासून हलवलेले) आणि मध्यबिंदूचे सहा रन, असे वीस. अक्षबिंदू मध्यापासून पावलाच्या १.६८२ पट लांब असतात, तेव्हा आधी हिशेब कर. मध्य ०.२ टक्का आणि पाऊल ०.१५ असेल तर खालचा बिंदू शून्याखाली जातो, आणि उणे वजनाचं यीस्ट एक्स्ट्रॅक्ट कुठून तोलणार! अशा वेळी बॉक्स-बेन्केन हा दुसरा आराखडा बरा. त्यात सगळे घटक एकाच वेळी टोकाला जात नाहीत आणि पंधरा रनमध्ये भागतं.

मध्यबिंदूचे सहा रन म्हणजे सहा वेगळे फ्लास्क, वेगळं तोललेलं माध्यम. एकाच फ्लास्कमधून काढलेले सहा नमुने तपासलेस तर तुझ्या पिपेटची चूक कळेल, प्रयोगाची नाही. हे मी ठासून लिहितोय, कारण छापून आलेल्या कामातही ही गफलत दिसते. रनचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरव. शेकरवर फ्लास्क कुठे बसेल तेही.

आर-स्क्वेअर (समीकरण आकड्यांशी किती जुळतं याचं माप) ०.९८ आला म्हणून नाचू नकोस. तीन घटकांच्या वर्गसमीकरणात दहा गुणांक असतात. पदं वाढवली की हा आकडा चढतोच, कधी उतरत नाही. प्रेडिक्टेड आर-स्क्वेअर (न वापरलेल्या रनचं भाकीत किती जमतं ते) त्याच्या बराच खाली असेल, किंवा लॅक ऑफ फिट (गोंगाटापलीकडची न जुळणी) लक्षणीय असेल, तर समीकरण त्या वीस रनपुरतंच खरं आहे. समीकरणाचा स्थिरबिंदू, म्हणजे जिथे चढ-उतार शून्य होतो ती जागा, शिखरच असतो असंही नाही. खोगीर (एका दिशेनं चढ, दुसरीनं उतार) असू शकतं, किंवा तू तपासलेल्या हद्दीबाहेरही पडू शकतो. शेवटी समीकरणानं सांगितलेल्या प्रमाणात ताजे फ्लास्क लाव आणि येणारं उत्पादन भाकिताच्या मर्यादेत बसतं का पाहा. फर्मेंटरची बात त्यानंतर. तिथे ऑक्सिजन वेगळा पोचतो आणि ग्लुकोज थेंबाथेंबानं सोडता येतं, म्हणून फ्लास्कचं उत्तर जसंच्या तसं लागू होईल असं धरू नकोस.

आराखड्याचा तक्ता सुरू करण्याआधी पाठव. नऊ घटकांच्या वरच्या-खालच्या पातळ्या आणि त्या का निवडल्यास, एवढं एकेका ओळीत लिही. ग्लुकोजची ओळ मी आधी वाचणार आहे.

तुझा,
अभय