३ डिसेंबरला जळगावला जायचं आहे

बचत गटातल्या सगळ्या आजी, काकू आणि ताईंना नमस्कार.

३ डिसेंबरला बहिणाबाई चौधरींची पुण्यतिथी. यंदा आपण जुन्या जळगावात, चौधरी वाड्यातल्या त्यांच्या घरी जाणार आहोत. आसोद्याची ही लेक १८८० सालची. कोवळ्या वयात सासरी आली, तिशीत कुंकू पुसलं गेलं, तरी लेकरं वाढवत शेतात राबली. अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात जे सुचलं ते मुलानं, सोपानदेवांनी, टिपून ठेवलं म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं. आपल्या गटातल्या कितीतरी आज्यांचे दिवस असेच गेलेत, म्हणून त्यांनी तर यायलाच हवं.

• सकाळी ८ वाजता मारुतीच्या पारावर जमा.
• भाकरी घरून आणा. भरीत गटातर्फे.
• कापूस वेचणीचे दिवस आहेत, ठाऊक आहे. पण वर्षातला एकच दिवस मागतेय. गाडीभाडं गट देईल.
• पुढच्या जागा म्हाताऱ्या बायांसाठी राखीव. तरुणींनी तिथे बसू नये.
• वाड्यात चपला बाहेर काढा, कोणत्याही वस्तूला हात लावू नका.

नावं २८ नोव्हेंबरपर्यंत सचिवताईंकडे द्या. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांना शेजारणीनं निरोप पोचवावा.

– अध्यक्षा