नुसत्या पोलरायझरने तारकाधूळ मोजता येत नाही

महोदय,

तारकागुच्छांच्या ध्रुवित (म्हणजे ज्याची कंपने एका ठराविक दिशेत जास्त असतात अशा) प्रकाशावरून आंतरतारकीय धूळ अभ्यासण्याविषयीचा आपल्या अंकातील मजकूर वाचला. विषय उत्तम. पण ‘दुर्बिणीला कॅमेऱ्याचा पोलरायझर (एकाच दिशेतली कंपने जाऊ देणारा फिल्टर) लावा, झाले’ हा सूर महाविद्यालयीन मुलांची फसगत करील.

दूरच्या ताऱ्यांचे हे ध्रुवण हॉल आणि हिल्टनर या खगोलशास्त्रज्ञांना १९४९ मध्ये सापडले. लांबट धूलिकण आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्राला आडवे लागतात आणि आपल्या लांबीच्या दिशेने कंप पावणारा प्रकाश जास्त अडवतात, म्हणून ध्रुवणाच्या दिशेवरून क्षेत्राची दिशा कळते. प्रमाण मात्र नगण्य. धुळीमुळे ताऱ्याला आलेली लाली ०.५ प्रतीची (प्रत म्हणजे ताऱ्यांचे तेज मोजायचे एकक) असेल, तर ध्रुवण फार तर ४.५ टक्के; बहुधा त्याहून कमीच.

नाशिकच्या आकाशात पोलरायझर फिरवत एकापाठोपाठ चार फोटो घेतले, तर विरळ ढग आणि धुरकटपणा तेवढाच फरक पाडतात. मग शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करावी? खरी गोम इथेच आहे. गुच्छातले तारे एकाच धुळीमागे असतात, त्यांचे ध्रुवण जवळपास सारखे. तुलनेत नेमके तेच वजा होते!

म्हणून अर्धतरंग पट्टी (ध्रुवणाची दिशा फिरवणारी स्फटिकाची चकती) आणि वोलास्टन प्रिझम (प्रकाशाचे परस्परांना काटकोनात ध्रुवित असे दोन भाग करणारा) लागतो. प्रिझम प्रत्येक ताऱ्याच्या दोन प्रतिमा एकाच वेळी देतो, ढग आला तरी दोन्ही सारख्याच मंदावतात. पट्टी ०, २२.५, ४५ आणि ६७.५ अंशांवर ठेवून दोन्ही प्रतिमांच्या तेजाची गुणोत्तरे काढायची. दाट गुच्छात एकाची प्रतिमा दुसऱ्यावर चढते, ते तारे सरळ सोडावेत. ०.१ टक्क्याच्या आसपास अचूकता हवी तर किमान १० लाख फोटॉन जमवावे लागतात. त्याच रात्री एक अध्रुवित आणि एचडी १९८२० सारखा एक ध्रुवित प्रमाण तारा (ज्याचे ध्रुवण आधीच नेमके माहीत आहे असा) घ्यावाच, नाहीतर उपकरणाचे स्वतःचे ध्रुवण धुळीच्या नावावर जमा होते. चांदण्या रात्री नकोत. चंद्रापासून ९० अंशांवरचे आकाशच सर्वाधिक ध्रुवित असते.

दुर्बिणीवाचूनही काम होते. प्रसिद्ध झालेली ध्रुवणमापने गाया उपग्रहाने मोजलेल्या ताऱ्यांच्या अंतरांसोबत आलेखावर मांडावीत. ध्रुवण जिथे एकदम उडी घेते, त्या अंतरावर धुळीचा ढग. बीई प्रकारचे तारे आधी वगळावेत, त्यांचे ध्रुवण त्यांच्याच वायुचकतीचे असते.

पोलरायझर हाताशी असेलच तर वृषभेतला क्रॅब तेजोमेघ टिपावा. त्याचे ध्रुवण धुळीचे नव्हे, सिंक्रोट्रॉन प्रारणाचे (चुंबकीय क्षेत्रात वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या प्रकाशाचे) आणि कितीतरी जास्त. फिल्टर फिरवताच त्यातले तपशील बदललेले फोटोत दिसतात.

– खगोल अभ्यासक, नाशिक