रिकामी दिसते म्हणून काढायची?

संपादक महोदय,

मुख्य रस्त्यावरची सायकल मार्गिका काढून टाकणार, ही बातमी आपल्या अंकात वाचली. मार्गिका बहुतेक वेळ रिकामी असते आणि शेजारी गाड्या खोळंबून राहतात, एवढंच कारण प्रशासनाने दिलं आहे. याविरोधात आम्ही रस्त्यावरचे रहिवासी गेल्या रविवारी सकाळी मार्गिकेत उभे राहिलो आणि सह्यांचं निवेदनही दिलं. त्याच्या बातमीत आमचा उल्लेख ‘सायकलप्रेमी’ असा झाला. वाचून जरा हसू आलं. जमलेल्यांतल्या निम्म्यांना सायकलचं काही विशेष प्रेम नाही. शेजारचे एक आजोबा तर गुडघ्यांमुळे सायकल चालवतच नाहीत. पण मार्गिका झाल्यापासून फुटपाथवर सायकली चढत नाहीत आणि रस्ता ओलांडताना गाड्यांची एक रांग कमी पार करावी लागते, म्हणून ते काठी टेकत आले होते. मी स्वतः आठवड्यातले तीन दिवस गाडी चालवतो आणि त्या कोंडीत मीही असतो.

आता त्या ‘रिकामी’ शब्दाबद्दल. माझी खिडकी याच रस्त्यावर उघडते. सिग्नल सुटला की आठ-दहा सायकली काही सेकंदांत निघून जातात आणि मार्गिका पुन्हा मोकळी होते. शेजारच्या पट्ट्यात आठ-दहा गाड्या, बहुतेकींत एकेकच माणूस, पुढच्या सिग्नलपर्यंत रांगेत उभ्या. त्या क्षणी फोटो काढला तर मार्गिका ओस आणि रस्ता तुडुंब. माणसं मात्र दोन्हींकडून जवळपास सारखीच. जी वाट तुंबत नाही ती कुणाला नकोच आहे, असा निष्कर्ष त्या फोटोवरून काढायचा का? अमेरिकेतल्या शहर वाहतूक अधिकाऱ्यांच्या ‘नॅक्टो’ या संघटनेचा ठोकताळा असा आहे : सुमारे तीन मीटर रुंदीच्या एका पट्ट्यातून खासगी गाड्या तासाला ६०० ते १,६०० माणसं नेतात, तेवढ्याच जागेतली दुहेरी, संरक्षित सायकल मार्गिका ७,५०० माणसं नेऊ शकते. आपल्याकडे तेवढ्या सायकली नाहीत, हे कबूल. पण मोजल्या कधी? मोजणीची वेळ विचारली तेव्हा ‘कार्यालयीन वेळेत’ असं उत्तर मिळालं. तोवर शाळेची मुलं वर्गात बसलेली असतात, पहिल्या पाळीचे कामगार कामाला लागलेले असतात, आणि रात्रपाळी संपवून परतणारे झोपलेले असतात.

शिवाय मार्गिका धड पूर्ण झालेलीच नाही. चौक आला की ती संपते, म्हणजे जिथे वळणाऱ्या गाड्या आडव्या येतात नेमकी तिथेच. बसथांब्यापाशी उतरणारा प्रवासी आणि येणारा सायकलस्वार एकमेकांवर आदळायचे तेवढे बाकी राहतात. प्लास्टिकचे खांब एकदा मोडले ते मोडलेच. त्या फटीतून गाड्या आत घुसतात आणि पार्क होतात. इतक्या अडथळ्यांतूनही लोक ती वापरतात, याचं मला तरी आश्चर्यच वाटतं. स्पेनमधल्या सेव्हिल शहराने २००६-०७ च्या सुमारास तुकड्यातुकड्यांचा नाद सोडून एकमेकांना जोडलेलं, गाड्यांपासून वेगळं असं सुमारे ८० किलोमीटरचं जाळं झपाट्याने उभारलं आणि तिथली सायकल वाहतूक काही वर्षांत कित्येक पटींनी वाढली. दोन चौकांच्या मध्ये सुरक्षित आणि चौकात रामभरोसे, अशा वाटेवर बारा वर्षांच्या मुलीला एकटं कोण पाठवेल? मी पाठवतो, पण ती शाळेत पोचेपर्यंत लक्ष घड्याळाकडे असतं.

मार्गिका काढल्याने कोंडी सुटेल, हे गृहीत धरलं गेलं आहे. कॅनडात ओंटारिओ सरकारनेही हेच म्हटलं होतं. टोरांटोतल्या ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या तीन रस्त्यांवरच्या मार्गिका काढण्यासाठी २०२४ च्या नोव्हेंबरात कायदा झाला. एक सायकल संघटना आणि दोन सायकलस्वार न्यायालयात गेले. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की या मार्गिका काढल्याने लोकांच्या जिवाला धोका वाढेल, ज्यासाठी त्या काढायच्या ती कोंडी मात्र त्याने कमी होणार नाही, आणि म्हणून हे पाऊल घटनेने दिलेल्या जीविताच्या व सुरक्षेच्या हक्काविरुद्ध आहे. सरकारने अपिलाची घोषणा केली, तो भाग वेगळा. पण जिला कोंडीवरचा उपाय म्हटलं गेलं, ती उपाययोजना पुराव्यापुढे टिकली नाही. अमेरिकी शहरांचा अभ्यास करून ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये हेच दुसऱ्या बाजूने दाखवलं होतं : रस्ता जेवढा वाढवाल, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांचा प्रवास वाढतो. उद्या आपल्याला एक पट्टा जास्त मिळेल, तोही भरेल. मग फुटपाथ अरुंद करण्याचा प्रस्ताव येईल.

दुकानदारांचं म्हणणं मात्र ऐकायला हवं. माल उतरवायला जागा नाही ही त्यांची तक्रार खरी आहे आणि आम्हीही तिला निवेदनात जागा दिली आहे. ठरावीक वेळेत, ठरावीक ठिकाणी गाडी थांबवायची खाच करून द्या. आमची हरकत नाही.

प्रशासनाने मागच्या गल्लीतून ‘पर्यायी मार्ग’ सुचवला आहे. नकाशावर तो छान दिसतो. पण शाळा, दवाखाना, वाचनालय, बसथांबा सगळं मुख्य रस्त्यावर आहे. गल्लीतून गेलेल्या मुलीला शेवटचं दोनशे मीटर अंतर त्याच रस्त्यावरून, आता गाड्यांच्या मधून, कापावं लागणार. आणि मोकळा झालेला रस्ता म्हणजे वेग. ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटरने येणाऱ्या गाडीचा वेग दीडपटीहून थोडा जास्त असतो, पण धडकेतली ऊर्जा जवळजवळ पावणेतीनपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. नेदरलँड्समध्ये आज सायकली जन्मापासून असल्यासारख्या वाटतात. तिथेही १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. ‘मुलांचे खून थांबवा’ असे फलक घेऊन आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे तिथली धोरणं बदलू लागली. आपल्याकडे मार्गिका आधी झाली आणि माणसं ती वाचवायला नंतर उतरली, एवढं आपलं नशीब बरं.

आमची मागणी फार मोठी नाही. मोजणीचा तक्ता तारीख-वेळेसह जाहीर करावा. पहाटेपासून रात्रीपर्यंत, शाळा सुरू असतानाच्या आठवड्यात पुन्हा मोजावं, आणि मोजताना गाड्या नव्हे तर माणसं मोजावीत. दोन्ही चौकांत मार्गिका पलीकडपर्यंत न्यावी, मोडलेले खांब बसवावेत आणि मग वर्षभराने काय ते ठरवावं. परवा रात्री मार्गिकेच्या कडेला कुणीतरी खडूने खुणा करून गेलं आहे. त्या खुणा कसल्या, हे विचारायला आम्ही तीनदा फोन केला. अजून उत्तर नाही.

आपला,
या रस्त्यावरचा एक रहिवासी