वॉचर मामा, हे जाहीर आभार तुमचे

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

वन्यजीव अभ्यासक व्हायचं तर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बंगळूरच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन केंद्रात एम.एस्सी. करता येते. तिथं गणित पक्कं होतं, नकाशे हाताखाली येतात. पण जनावर पुढून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा पायवाटेच्या कुठल्या वळणावर बांधायचा, हे बेळगावजवळच्या खानापूरच्या रानात, वनखात्याचे वॉचर म्हणून रान राखणाऱ्या तुम्हीच दाखवलंत.

व्याघ्रगणनेत दर 2 चौरस किलोमीटरच्या चौकोनात कॅमेऱ्यांची एक जोडी असते. चौकोनाचा मध्य काट्याकुट्यात पडला, तर वाघ तिथं कशाला येईल? तुम्ही वाट आणि नाला मिळतात तिथं नेता, वाघानं मातीत खरवडलेलं बघता, विष्ठा बघता, मग जागा ठरते. वाटेच्या मध्यापासून तीन-साडेतीन मीटर, उंची गुडघ्याएवढी, म्हणजे 40-45 सेंटिमीटर. कॅमेरे दोन लागतातच, कारण वाघ पट्ट्यांवरून ओळखायचा आणि त्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे सारखे नसतात. ते अगदी समोरासमोर नकोत, हातभर मागंपुढं हवेत. नाहीतर एकाच्या फ्लॅशनं दुसऱ्याचा फोटो पांढराफटक होतो. तोंड उगवती-मावळतीकडं नको. समोरचं गवत तुम्ही कोयत्यानं बुडापासून काढता, कारण उन्हानं तापलेलं पातं हललं की कॅमेरा चालू होतो आणि बघता बघता कार्ड भरतं. शेवटी स्वतः कॅमेऱ्यापुढून रांगत जाता आणि फोटो आला का बघायला लावता. ज्यांनी ही रांगण्याची चाचणी टाळली, त्यांना नंतर नुसते पाठीच्या कण्याचे फोटो मिळतात. बॅटरी बदलल्यावर तारीख तपासायला सांगणारेही तुम्हीच. तारीख चुकली तर वाघ कुठल्या दिवशी दिसला ते कळत नाही, आणि मग तो फोटो मोजणीत धरता येत नाही.

रेषेवरच्या मोजणीत, म्हणजे सरळ रेषेत चालत दिसतील ती जनावरं मोजताना, तुमची शिस्त जास्त मोलाची. 2 किलोमीटरची सरळ रेषा, सकाळी उजाडताच चालायची. गवा दिसला की तुम्ही हात वर करता आणि होकायंत्र वाचून होईपर्यंत कुणाला हलू देत नाही. तो पहिल्यांदा उभा दिसला ती जागा धरायची, बुजून पळाल्यावरची नव्हे. अंतर 40 मीटर, रेषेशी कोन 30 अंश, तर रेषेपासून तो 20 मीटरवर. तिथं अंदाजानं ‘पन्नासेक’ लिहिलं की पुढचं सगळं गणित घसरतं. काहीच दिसलं नाही त्या दिवशीही वेळ आणि हवा लिहून शून्याची ओळ भरायची, हा तुमचा आग्रह आम्हाला फार पटतो.

सड्यावरच्या जांभ्यात पाऊल उमटत नाही. तिथं तिठ्यावर एकाच जागी पडलेली, केसांनी भरलेली विष्ठा दाखवून तुम्ही कोळसुंद्यांचा, म्हणजे रानकुत्र्यांचा कळप ओळखायला शिकवलंत. आणि चौकीच्या कानडी वहीतली ‘सीळुनायी’ म्हणजे आपला कोळसुंदाच, हे वेळेवर सांगितलंत. दोन भाषांच्या या मुलखात एका जनावराची दोन जनावरं व्हायला वेळ लागत नाही.

मामा, अहवालांत तुमच्यासारख्यांचा उल्लेख ‘स्थानिक सहायक’ एवढाच येतो. आमच्या पुढच्या अहवालात तुमचं पूर्ण नाव पहिल्या पानावर घालायचं आहे. मराठीत कसं लिहायचं आणि कानडीत कसं, तेवढं सांगा.

आपले,
भीमगडच्या रानात काम करणारे वन्यजीव अभ्यासक