मोवॅट, मॅकडॉनल्ड आणि शनिवारचं बिलियर्ड

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, कॅनडातल्या प्रांतांना एवढे अधिकार घटनेनेच दिले असतील. घटनेने दिले त्याहून बरेच जास्त त्यांनी कोर्टातून मिळवले, आणि त्यात मोठा वाटा ऑलिव्हर मोवॅट या वकिलाचा.

जन्म १८२०, किंग्स्टनचा. १८३६ मध्ये त्याने वकिलीची उमेदवारी धरली ती जॉन ए. मॅकडॉनल्डच्या कचेरीत, मालक उमेदवारापेक्षा जेमतेम पाच वर्षांनी मोठा. १८६७ मध्ये हाच मालक देशाचा पहिला पंतप्रधान झाला. मोवॅट आधी चॅन्सरी कोर्टात (मालमत्ता, विश्वस्तनिधी अशी प्रकरणं चालायची ते) वकील, मग आठ वर्षं न्यायाधीश, आणि १८७२ मध्ये न्यायासनावरून उठून थेट ऑन्टारिओचा मुख्यमंत्री. १८९६ पर्यंत ते पद सोडलं नाही, आणि प्रांताचा ॲटर्नी जनरलही तोच. तेव्हा शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जायचं, आणि आपल्या सरकारची बाजू मांडायला तो स्वतः तिथे जायचा.

१८६७ च्या कायद्यात, म्हणजे कॅनडाच्या घटनेत, कलम ९१ मध्ये केंद्राचे अधिकार, ९२ मध्ये प्रांतांचे. शिवाय प्रांताचा कोणताही कायदा वर्षभरात रद्द करण्याची मुभा केंद्राला. मॅकडॉनल्डने ती मोकळ्या हाताने वापरली. मिसिसिपी नावाच्या ऑन्टारिओतल्याच एका नदीवर (अमेरिकेतली ती वेगळी) मॅकलॅरन या लाकडाच्या व्यापाऱ्याने बांध आणि लाकडी पन्हळी बांधल्या होत्या. वरच्या अंगाला जंगल असलेल्या काल्डवेलचे ओंडके तो त्यातून जाऊ देईना. मोवॅटने १८८१ मध्ये कायदा केला: वाजवी टोल भरा आणि ओंडके सोडा. ओटावाने, म्हणजे केंद्राने, तो रद्द केला. मोवॅटने पुन्हा केला, पुन्हा रद्द. तिसऱ्यांदा तेच. मॅकलॅरन मॅकडॉनल्डच्या पक्षाचा आणि काल्डवेल मोवॅटच्या, हे सांगायला नकोच. शेवटी १८८४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने काल्डवेलच्या बाजूने निकाल दिला, तोही जुन्याच कायद्यावर. चौथ्यांदा केलेला कायदा मग कोणी रद्द केला नाही.

माझ्या मते त्याहून महत्त्वाचा हॉजचा खटला. टोरांटोचा हा खानावळवाला. शनिवारी संध्याकाळी सातनंतर बिलियर्ड खेळू द्यायचं नाही हा प्रांताच्या दारू-परवाना मंडळाचा नियम त्याने मोडला. दंड वीस डॉलर, न भरल्यास पंधरा दिवस सक्तमजुरी. त्याच्या वकिलांचा मुद्दा असा की प्रांताची विधानसभा लंडनच्या पार्लमेंटची नुसती मुखत्यार. मुखत्याराने आपला अधिकार पुढे मंडळाला कसा द्यायचा? डिसेंबर १८८३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं, मुखत्यार मुळीच नव्हे; कलम ९२ च्या हद्दीत तिचा अधिकार पूर्ण आहे. आपल्याकडच्या बुऱ्हा खटल्यात १८७८ मध्ये याच न्यायमंडळाने हेच तत्त्व धरलं होतं. आणि कायद्याचा गाभा पाहून तो कोणाच्या अखत्यारीतला ते ठरवण्याची कसोटीही या कॅनडाच्या अपिलांतूनच वाढली. मुंबईच्या दारूबंदी कायद्यावर बलसारा खटल्यात १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीच लावली.

आई, तू विचारशील, माणूस चांगला होता का? कामाचा होता. गुप्त मतदान आणलं, १८८४ मध्ये विधवा आणि अविवाहित स्त्रियांना नगरपालिकेत मत दिलं. पण दारूचे परवाने नगरपालिकांकडून काढून प्रांताच्या मंडळांकडे दिले, आणि तिथे आपल्याच पक्षाची माणसं बसवली.

१८८८ चा लाकूडतोडीचा खटलाही तो जिंकला. केंद्राने एका कंपनीला दहा लाख फूट लाकडाचा परवाना दिला होता. कोर्टाने जमीन प्रांताची ठरवली. ती जमीन ज्यांच्याकडून १८७३ च्या तहात घेतली त्या ओजिब्वे लोकांना या खटल्यात पक्षकारसुद्धा केलं नव्हतं. तिथल्या जमिनीच्या दाव्यांत हा निकाल अजून निघतो.

बाबा, निकाल वाचायचेच असतील तर हॉजपासून सुरुवात करा. बुऱ्हा तुमच्या ओळखीचा आहे, त्यामुळे जड जाणार नाही. ओंडक्यांचा निकाल सावकाश वाचा.

तुमची,
धाकटी