मावशी, ‘मीच पाठवलंय’ म्हणालात त्याबद्दल

ती. मावशी,
सा. न.

हे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. पण तुम्ही जे केलंत ते भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत केलंत. म्हणून आभारही चारचौघांतच मानते.

सणाच्या सुट्ट्या आणि माझा पळण्याचा सराव यांचं कधी जमलंच नव्हतं. आधीचे माझे प्रशिक्षक ‘कारणं सांगू नका’ याच्या पुढे जात नसत. घरात पाहुणे झोपलेले असतात, पहाटे दाराची कडी वाजली तरी अर्धं घर जागं होतं, असं म्हटलं की उत्तर ठरलेलं: इच्छा असेल तर मार्ग सापडतो. तो मार्ग त्यांनी स्वतः कधी दाखवला नाही. दुसऱ्या बाजूला घरातले, ‘चार दिवस नाही पळालीस तर काय बिघडतं?’ चार दिवसांत खरंच काही बिघडत नाही हो. पण सुट्टी चार दिवसांची असते कुठे? आधीची तयारी, नंतरची आवराआवर, मग अंगात मुरलेला आळस, असे तीन आठवडे सहज जातात. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कसलेल्या खेळाडूंनी सराव पूर्ण बंद केला, तेव्हा तेवढ्याच काळात त्यांचा व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, सरासरी 7 टक्क्यांनी उतरली होती. आणि माझी हाफ मॅरेथॉन तोंडावर आलेली.

तुम्ही आयुष्यात कधी पळाला नाहीत. तरी नेमका प्रश्न तुम्हीच विचारलात: “कमीत कमी किती वेळ पुरेल गं तुला?”

हा प्रश्न खरं तर त्या प्रशिक्षकांनी विचारायचा होता. त्याचं उत्तर 1980 च्या दशकापासून तयार आहे. रॉबर्ट हिक्सन या संशोधकानं रोज 40 मिनिटं, आठवड्याला सहा दिवस सराव करणाऱ्यांचे दिवस कमी केले. दुसऱ्या एका प्रयोगात दिवस तेच ठेवून वेळ 26 किंवा 13 मिनिटांवर आणला. 15 आठवडे असं चाललं तरी त्यांचा व्हीओटू मॅक्स टिकून राहिला. अट एकच, सरावाचा जोर कमी करायचा नाही. जोर कमी केला तेव्हा मात्र क्षमता घसरली. लांब पल्ल्याचा दम 13 मिनिटांत राखता येत नाही, पण सुट्टीपुरतं कोणाला तो हवाय?

मी म्हटलं, एक दिवसाआड 25 मिनिटं. थोडं सावकाश, मधे मिनिटभराच्या जोरदार धावा, परत सावकाश. लाँग रन सोडून द्यायची आणि बुडालेले किलोमीटर नंतर एका दमात वसूलही करायचे नाहीत, नाहीतर नडग्या आणि पोटऱ्या रडवतात. तुम्ही ऐकून घेतलंत आणि कामाला लागलात. मला वाटलं, विषय संपला.

मग ती सकाळ. घामेजलेली मी दाराशी पोचले, तर आत भाऊजींचा आवाज: “सूनबाई कुठे सकाळी सकाळी?” त्या स्वराला जी धार होती ती तुम्हालाही ऐकू आली असणार. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “मीच पाठवलंय तिला. येईल आता. तू तोवर गाद्या उचल.”

तुम्ही मला पाठवलं नव्हतं, मावशी. मी आपणहून गेले होते. ‘जाऊ दे, हौस आहे तिची’ असं म्हणाला असतात तर माझ्या हौसेवर दुपारपर्यंत चर्चा रंगली असती, दोघं-तिघं माझ्या बाजूनं बोलले असते आणि ते जास्त लागलं असतं. तुम्ही ते स्वतःवर घेतलंत. तुम्हाला ‘का पाठवलंत’ असं विचारायची त्या घरात कोणाची टाप नाही. नंतर उरलेल्या सुट्टीत मी मागच्या दारानं चोरासारखी गेले नाही. समोरच्या दारानं गेले.

वयानं मिळालेला मान माणसं बहुतेक स्वतःसाठीच वापरतात. आधी पान कुणाचं, खुर्ची कुणाची, शब्द कुणाचा. तुम्ही त्यातला थोडा माझ्यासाठी वापरलात आणि नंतर त्याचा उल्लेखही केला नाहीत. उपदेश करणारे मला खूप भेटले, पण स्वतःच्या नावावर दोष घेणारं माणूस क्वचितच.

भाऊजींचा परवा फोन आला होता. पळायला सुरुवात करायची म्हणतात, बूट कुठले घेऊ असं विचारत होते. मी सांगितलं, आधी काही दिवस नुसतं चाला, मग मिनिटभर पळा, मिनिटभर चाला, बुटांचं नंतर बघू. गाद्यांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

तुमची,
सूनबाई